डनिच : समुद्रानें नेलेलें नगर व त्याचे कागद

कागद राहिला आणि गांव नाहींसें झालें, हा प्रकार जुन्या दप्तरांच्या अभ्यासकास नवा नाहीं. एखादें मौजे बेचिराख होऊन शतकें लोटलीं तरी त्याची जमाबंदी, वतनदारांचे हक्क-लाजिमे व शिवेचे तंटे रुमालांत बांधलेले सांपडतात. परंतु तेथें निदान जमीन जागेवर असते. शिवेचा ओढा, पडकें देऊळ, गांवकुसाचा चौथरा यांवरून कागदांतील मजकूर ताडून पाहतां येतो. ज्या गांवाची पांढरी आणि काळी दोन्ही समुद्राच्या तळाशीं गेलीं, त्याच्या कागदाची साक्ष कशानें ताडावयाची ? आणि तोच कागद साक्ष म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून कोणी पुढें केला, तर त्यास किती मान द्यावयाचा ? या दोन प्रश्नांचा विचार करण्यास इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील सफोक परगण्यासारखें दुसरें क्षेत्र क्वचितच मिळेल. म्हणून तेथील डनिच या बंदराची हकीकत, तिच्या साधनांच्या परीक्षणासह, या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम भूमीविषयीं. सफोकच्या उत्तरेस नॉरफोक, दक्षिणेस एसेक्स, पश्चिमेस केंब्रिज हे परगणे असून पूर्वेस उत्तर समुद्र आहे. मध्यभागाची जमीन जड चिकणमातीची व पिकाऊ. समुद्रालगतची पट्टी रेताड, झुडुपांची व मेंढरांच्या चराईची. डोंगर असा नाहींच. बांधकामास योग्य असा दगडही जवळजवळ नाहीं. त्यामुळें घरें लांकडाच्या सांगाड्यांचीं व चर्चें चकमकीच्या गारांचीं. जेथें घडीव दगड अवश्यच लागला, तेथें तो जहाजांतून नॉर्मंडीच्या कां बंदराहून आणावा लागे. आंतल्या भागांतील लॅव्हनमसारखीं गांवें लोंकरीच्या कापडावर इतकीं गबर झालीं कीं १५२४ च्या करआकारणींत लॅव्हनमचा क्रम साऱ्या इंग्लंडांतील नगरांत चौदावा लागला. पुढें तो धंदा गेला, आणि नवीन घरें बांधण्याइतका पैसा कोणापाशीं न उरल्यामुळें जुनीं घरें तशींच राहिलीं. हा विषय स्वतंत्र आहे. येथें किनाऱ्याकडे वळतों.

हा किनारा वाळू, खडे आणि शिंपल्यांचा भुगा यांचा बनलेला आहे. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावर काळा कातळ लाटांस तोंड देतो. तेथें कातळच नाहीं. वादळाच्या एका रात्रींत कडा कित्येक हात मागें हटतो. उत्तरेकडे खाल्लेली ही माती समुद्र दक्षिणेकडे वाहून नेतो व तेथें गोट्यांची लांबच लांब जीभ रचितो. ऑर्फर्ड नेस नांवाची अशी एक जीभ सुमारें दहा मैल लांब वाढली आहे. तिच्या मागें ऑर्फर्ड हें नगर आहे. दुसऱ्या हेन्री राजानें १०-१२ मैलांवरील बायगॉड घराण्याच्या बलाढ्य सरदारास वचक बसावा म्हणून तेथें ११६५ ते ११७३ या अवधींत किल्ला बांधिला. त्याचा खर्च, १,४०० पौंडांहून किंचित् अधिक, राजाच्या हिशेबी गुंडाळ्यांत सालवार नमूद आहे. पण गोट्यांची जीभ वाढत गेली, बंदराचें तोंड दूर गेलें, आणि ऑर्फर्डचें महत्त्व ओसरलें. म्हणजे एकच समुद्र डनिचास कापून व ऑर्फर्डास बुजवून मारतो.

आतां मूळ साधनाकडे येतों. इंग्लंड जिंकल्यावर वीस वर्षांनीं, इ. स. १०८६ मध्यें, पहिल्या विल्यम राजानें आपल्या राज्याची पाहणी करविली. तिचे कागद डूम्सडे बुक या नांवानें प्रसिद्ध असून ते आज क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. त्यांचे खंड दोन. एसेक्स, नॉरफोक व सफोक या तीनच परगण्यांचा जो खंड आहे त्यास लहान डूम्सडे म्हणतात. तो आकारानें लहान, पण तपशिलानें मोठा आहे. मोठ्या खंडांत गाळलेली गुरें, डुकरें, मेंढरें यांची मोजदादही त्यांत आहे. मोठा खंड हा पाहणीचा आटोपशीर पक्का कागद आणि लहान खंड हा आटोपण्यापूर्वींचा, असें जाणत्यांचें मत आहे. कच्चा कागद पक्क्यापेक्षां अधिक बोलका असतो, हें ज्यांनीं कीर्दी व ताळेबंद एकत्र वाचले आहेत त्यांस सांगावयास नको.

या खंडाची लेखनपद्धति अशी कीं प्रत्येक गांवाखालीं 'तेव्हां' व 'आतां' असे दोन आंकडे येतात. 'तेव्हां' म्हणजे एडवर्ड राजाच्या वेळीं, जिंकण्यापूर्वीं. 'आतां' म्हणजे पाहणीच्या वेळीं. सफोकच्या भागांतील आय या गांवाची नोंद नमुन्यादाखल सांगतों. शेजारच्या हॉक्सन गांवीं बिशपाचा बाजार शनिवारीं भरत असे. विल्यम मॅलेट नांवाच्या नॉर्मन सरदारानें आय येथें गढी बांधिली आणि त्याच वारीं आपल्या गढींत दुसरा बाजार बसविला. बिशपाचा बाजार मोडला; अखेर त्यास तो शुक्रवारीं भरवावा लागला. आठवड्याच्या बाजाराचा वार, त्याची मोडतोड आणि त्यावरील तक्रार हा मजकूर साडेनऊशें वर्षांपूर्वींचा आहे. नांवें बदललीं तर आपल्याकडील एखाद्या पेठेचा कागद म्हणून खपून जाईल.

मॅलेट हें नांव वाचून पुण्याच्या रेसिडेंटाची, सर चार्लस मॅलेट याची, आठवण होणें साहजिक आहे. इ. स. १७८६ पासून १७९७ पर्यंत तो पेशव्यांच्या दरबारीं होता. परंतु नामसाम्यावरून वंशैक्य धरण्याची घाई करूं नये. सातशें वर्षांच्या अंतरांत मधले दुवे कागदानें जोडले पाहिजेत. नामसाम्यावर उभारलेल्या वंशावळी आपल्याकडेही थोड्या नाहींत.

याच विल्यमचा मुलगा रॉबर्ट मॅलेट याच्याकडे पाहणीच्या वेळीं डनिच होतें. त्याखालील नोंदीचा आशय असा : एडवर्डच्या वेळीं नगरांत हक्कदार रहिवासी १२०, आतां २३६, चर्च तेव्हां एक, आतां तीन, उत्पन्न तेव्हां १० पौंड, आतां ५० पौंड, आणि शिवाय साठ हजारांच्या घरांत हेरिंग मासे. जमीन मात्र तेव्हां दोन औतांची होती ती आतां एका औताची. दुसरें औत समुद्रानें नेलें.

हेरिंग हा हातभर लांबीचा नव्हे, वीतभर मासा. शरद् ऋतूंत त्याचे थवे या किनाऱ्याशीं येतात, आणि मीठ लावून तो पिंपांत भरीत. उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असल्यामुळें मठांस व राजवाड्यास त्याची मोठी गरज असे. तेव्हां साठ हजार मासे ही थट्टेची बाब नसून राजमान्य ऐनजिनसी भरणा आहे.

पण खरें महत्त्व शेवटच्या वाक्यास आहे. न्यायशास्त्रांत शब्द प्रमाण मानण्यास वक्ता आप्त असावा लागतो. म्हणजे त्यास विषयाचें यथार्थ ज्ञान असावें आणि फसविण्याचा हेतु नसावा. सरकारी कारकुनाची बुद्धि जमीन वाढवून दाखविण्याकडे असते, कारण तीवर सारा बसतो. तो जेव्हां आपल्या धन्याच्या तोट्याची गोष्ट, जमीन निम्मी झाली ही गोष्ट, लिहितो, तेव्हां त्याच्याइतका आप्त दुसरा कोण ? शिवाय त्याच नोंदींत नगराचें उत्पन्न पांचपट झाल्याचेंही लिहिलें आहे. म्हणजे डनिच वाढत होतें आणि त्याच वेळीं बुडतही होतें. उत्कर्ष आधीं व नाश मागून, असा जो क्रम कथांत असतो तो येथें नाहीं. दोन्ही एकाच ओळींत आहेत.

पुढील दोनशें वर्षें उत्कर्षाचीं. जॉन राजानें ११९९ सालीं नगरास सनद दिली. गलबतें बांधणें, मासेमारी व परदेशाशीं व्यापार यांवर नगर मोठें झालें. १२९८ पासून त्याचे दोन प्रतिनिधि पार्लमेंटांत बसूं लागले. पण त्यापूर्वींच, १२८६ मध्यें, मोठ्या तुफानानें खालचा भाग उद्ध्वस्त केला होता. फ्रान्सिस्कन भिक्षूंनीं आपला मठ तेव्हांच आंतल्या बाजूस हलविला, म्हणूनच त्याची भिंत आज उभी दिसते. १३२८ च्या तुफानानें बंदराचें तोंड गोट्यांनीं बुजलें. हा घाव घरें पडण्यापेक्षां खोल होता. नदीनें उत्तरेकडे, वॉल्बर्सविकच्या बाजूस, नवी वाट काढली. गलबतें तिकडे जाऊं लागलीं, आणि जकात कोणाची यावरून डनिच व शेजारचीं गांवें यांचें वैर पिढ्यान् पिढ्या चाललें. १३४७ मध्यें आणखी घरें गेलीं.

या १३४७ च्या नाशाचा आंकडा चारशेंहून अधिक घरांचा सांगतात. तो बहुतेक पुस्तकांत तसाच उतरविलेला असतो. पण त्याचें मूळ पाहिलें पाहिजे. ज्या घरांचें भाडें राजाच्या ठरीव सालिन्याकडे लागत होतें, अशीं तीं घरें होतीं. म्हणजे हा आंकडा सालिन्याच्या भाषेंत सांगितलेला आहे. डनिचकर राजाकडे सूट मिळावी म्हणून वारंवार अर्ज करीत. सूट मागणाराची साक्ष कारकुनाच्या साक्षीच्या अगदीं उलट. त्याचा स्वार्थ नाश वाढवून सांगण्यांत असतो. तेव्हां चारशें घरें पडलीं हें नाकारण्याचें कारण नाहीं, पण १०८६ च्या त्या एका औताइतकें वजन या आंकड्यास मी देत नाहीं. अवर्षणाच्या तक्रारी व पिकांची पाहणी हीं दोन्ही ज्यांच्या संग्रहांत आहेत त्यांस हा भेद लगेच उमजेल.

तिसरें साधन लोकपरंपरा. ती म्हणते कीं डनिचास बावन्न चर्चें होतीं, पितळी दरवाजे होते, आणि वादळाच्या रात्रीं समुद्राखालून घंटा ऐकूं येतात. बावन्न हा आंकडा पाहून आपल्या वाचकांस पैठणच्या बावन्न पुऱ्या आठवतील. गेलेल्या नगराची संख्या नेहमी गोल नसते, पण ती नेहमी भव्य असते. कागदांवरून पॅरिशचीं चर्चें सुमारें आठ लागतात. त्याखेरीज डोमिनिकन व फ्रान्सिस्कन मठ, टेंपलर सरदारांचें ठाणें व महारोग्यांचें इस्पितळ. घंटांचें म्हणाल तर कागद परंपरेस अगदीं निरुत्तर करितात. कडा जवळ येतांना पाहून सेंट पीटरच्या चर्चांतील मोलवान वस्तु लोकांनीं आधींच काढून नेल्या. मग १६८८ मध्यें पूर्वेकडची भिंत पडली व १६९७ मध्यें उरलेली इमारत गेली. छपराचें शिसें न सोडणारीं माणसें धातूच्या मणावारी घंटा समुद्राकरितां ठेवून जातील, हें संभवत नाहीं. त्या चर्चाचें जन्म-विवाह-मृत्यूंचें नोंदपुस्तक मात्र अद्यापि शाबूत असून ब्रिटिश लायब्ररींत आहे. भिंती गेल्या, वेदी गेली, स्मशान गेलें. तेथें कोणाचा बाप्तिस्मा झाला व कोणास पुरलें त्यांचीं नांवें उरलीं आहेत.

परंपरेनें नगर फुगविलें आणि कागदांनीं तें मापांत आणिलें, असें म्हणतां येतें. परंतु कागद तरी मापांत आहेत कशावरून, हा पहिला प्रश्न उरतोच. त्याचें उत्तर नकाशांतून व अलीकडील पाहणींतून मिळतें. राल्फ अॅगस हा सफोकचाच मोजणीदार. त्यानें १५८७ मध्यें डनिचचा नकाशा काढला. त्या वेळीं नगराचा बराच भाग गेलेला होता. जो होता तो त्यानें रस्ते, चर्चें व मोकळ्या जागांसह मांडला. पुढें टॉमस गार्डनर या गृहस्थानें १७५४ सालीं डनिच, ब्लायबरो व साउथवोल्ड यांचा इतिहास प्रसिद्ध केला. गार्डनर हा कांहीं विद्यापीठांतला पंडित नव्हे. साउथवोल्ड बंदरावर मिठाच्या कराचें काम पाहणारा नोकर. नोकरी सांभाळून त्यानें सनदा, शिक्के, नाणीं व जुन्या नोंदी जमविल्या, आणि १७४० च्या वादळानें किनारा उकरून काढला तेव्हां उघड्या पडलेल्या पायांची व थडग्यांची हकीकत लिहून ठेविली. त्याच्या पुस्तकांत परंपरा व कागद यांची सरमिसळ आहे खरी. पण जें त्यानें जमा केलें तें त्या वेळीं दुसरें कोणीच करीत नव्हतें. संग्राहकाचा दोष काढणें सोपें असतें.

इ. स. २००८ पासून साउथँप्टन विद्यापीठाचे प्राध्यापक डेव्हिड सियर व त्यांचे सहकारी यांनीं ध्वनिलहरींच्या साहाय्यानें तेथील समुद्रतळ तपासला. पाणी इतकें गढूळ कीं पाणबुड्यास स्वतःचा हात दिसणें कठीण; म्हणून पाहावयाचें तें आवाजानें. ध्वनि तळाशीं जाऊन परततो आणि त्याच्या परतण्यावरून उंचवटे व ढिगारे यांचें चित्र उमटतें. २०१३ मध्यें त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. अॅगसचा नकाशा आधुनिक मापांवर बसवून पाहतां सेंट पीटर व सेंट निकोलस हीं चर्चें आणि डोमिनिकन मठ यांचे अवशेष अपेक्षित जागीं लागले. नगराचें क्षेत्र सुमारें १.८ चौरस किलोमीटर, म्हणजे लंडनच्या मूळ नगराच्या तोडीचें, असें त्यांनीं ठरविलें. चारशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या मोजणीदारानें साखळीनें मापून काढलेली आकृति समुद्राखालच्या दगडांशीं जुळावी, ही गोष्ट जुन्या नकाशांस चित्रें समजून बाजूस सारणारांनीं लक्षांत घ्यावी. शब्दास प्रत्यक्षाचा पाठिंबा मिळाला. आणि प्रत्यक्षास कोठें शोधावयाचें हें शब्दानेंच सांगितलें होतें.

येथवर कागद साक्षीदार म्हणून उभा होता. आतां त्याचें दुसरें रूप पाहूं. नगर गेलें, पण दोन प्रतिनिधि धाडण्याचा हक्क गेला नाहीं. सनद शाबूत, म्हणून हक्क शाबूत. मतदार उत्तरोत्तर कमी झाले आणि जे उरले ते धनिकांच्या मुठींत गेले. अठराव्या शतकांत प्रथम डाउनिंग घराण्याचा वरचष्मा होता. पुढें बार्न व व्हॅनेक या दोन घराण्यांनीं एकेक जागा वांटून घेतली. १८३२ च्या सुधारणेच्या कायद्यानें हा हक्क रद्द झाला तेव्हां मतदार अवघे ३२ होते. अशा नगरांस इंग्लंडांत 'रॉटन बरो', सडलेलीं नगरें, म्हणत. त्याच किनाऱ्यावरील ऑर्फर्ड व ऑल्डबरो यांचेही दोन-दोन प्रतिनिधि त्याच कायद्यानें गेले. म्हणजे वीस मैलांच्या आंतबाहेरच्या किनाऱ्यावर, एक बुडालेलें, एक बुजलेलें आणि एक अर्धें खाल्लेलें अशीं तीन बंदरें मिळून सहा माणसें पार्लमेंटांत बसवीत होतीं. आणि त्याच काळीं मँचेस्टरसारख्या लाखांच्या वस्तीस एकही प्रतिनिधि नव्हता. ऑल्डबरोचा नगरवाडा, जो सोळाव्या शतकांत वस्तीच्या मध्यावर बांधिला होता, तो आज पुळणीच्या कांठावर आहे.

आय हेंही असेंच एका घराण्याच्या खिशांतलें नगर. तें कॉर्नवॉलिस घराण्याचें. इ. स. १७९१ मध्यें टिपूवरील मोहिमेंत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा ज्यास जाऊन मिळाल्या, त्या लॉर्ड कॉर्नवॉलिसचा सार्वजनिक आयुष्यांतील आरंभ याच आयच्या वतीनें, १७६० ते १७६२ पर्यंत, पार्लमेंटांत बसण्यानें झाला. त्याच्या कुळाच्या पदवींतही आयचें नांव होतें. विल्यम मॅलेटानें बिशपाचा बाजार मोडण्याकरितां वसविलेल्या पेठेचा धागा असा शेवटीं श्रीरंगपट्टणच्या तहापर्यंत येतो. कॉर्नवॉलिसचें थडगें सफोकांत नाहीं. तो १८०५ मध्यें गाझीपूर येथें वारला व तेथेंच पुरला गेला.

डनिचची नगरसभा प्रतिनिधि गेल्यावरही आणखी ५४ वर्षें चालली. १८८६ मध्यें ती बंद झाली. आज तेथें दोनशेंच्या आंत वस्ती आहे. माझें म्हणणें एवढेंच कीं सनदेचे हे दोन उपयोग संशोधकानें निराळे ठेवावे. साक्ष म्हणून ११९९ ची सनद खरी आहे व नेहमी खरीच राहील, कारण ती ११९९ विषयीं बोलते. हक्क म्हणून ती १८३१ सालीं खोटी झाली होती, कारण ज्या नगरास ती दिली तें नगर राहिलें नव्हतें. हक्काचा कागद जपणारे लोक साक्षीचा कागद जाळीत आले आहेत. वाद संपला कीं त्यांस तो रद्दी वाटतो. जो हक्क १८३२ मध्यें पुसला गेला, त्याच्या बळावरच डनिचचे किती तरी कागद तोंवर टिकले, हीही गोष्ट त्यांच्या बाजूनें नमूद केली पाहिजे.

शब्दाचा व भूमीचा असाच मेळ सफोकांत आणखी एके ठिकाणीं पडला आहे. बीड या साधूनें ७३१ मध्यें पुऱ्या केलेल्या आपल्या इतिहासांत रेंडलशम या राजस्थानाचा उल्लेख केला आहे. कित्येक शतकें तो नुसता उल्लेखच होता. १९३९ मध्यें तेथून सुमारें चार मैलांवर सटन हू येथें वाळूच्या टेकाडाखालीं २७ मीटर लांबीच्या नौकेचा ठसा सांपडला. लांकूड कुजून गेलेलें, पण लोखंडी खिळे रांगेनें जागच्या जागीं. सोनें, शिरस्त्राण व नाणीं यांवरून तें सातव्या शतकारंभीच्या राजाचें दफन ठरलें. आणि २०२२ मध्यें खुद्द रेंडलशम येथें २३ मीटर लांब व १० मीटर रुंद अशा राजसभेच्या पाया उघड झाल्या. बीडचा एक शब्द बाराशें नव्वद वर्षांनीं सिद्ध झाला.

बीडचाच दुसरा शब्द अद्यापि वादांत आहे. पूर्व अँग्लियाचा पहिला बिशप फीलिक्स याचें पीठ डॉमॉक या नगरांत होतें असें तो म्हणतो. डॉमॉक म्हणजेच डनिच, हें मत फार जुनें व डनिचकरांस फार प्रिय आहे. दुसरा पक्ष तें फीलिक्स्टोजवळील वॉल्टन येथील रोमन कोटांत ठेवितो. मला दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. त्या काळीं राजे नवीन धर्मोपदेशकांस जुने रोमन कोट देत असत, आणि वॉल्टनचा कोट तसा होता. डनिच येथें तितक्या जुन्या तटाचा पुरावा नाहीं, आणि केवळ 'ड'काराच्या आरंभावरून दोन नांवें एक करणें हें व्युत्पत्ति नव्हे. पण वादाचा निकाल लावणार कोण ? वॉल्टनचा कोटही अठराव्या शतकांत समुद्रांत गेला. वादी व प्रतिवादी दोघेही पाण्याखालीं आहेत.

या पत्राच्या वाचकांत हस्तलिखितांचे संग्राहक पुष्कळ आहेत; त्यांच्याकरितां सफोकच्या आंतल्या बाजूची एक गोष्ट. ८६९ मध्यें डेन लोकांनीं मारलेल्या एडमंड राजाच्या समाधीभोंवतीं बेरी सेंट एडमंड्स येथें मोठा मठ वाढला. त्याचें पुस्तकालय इंग्लंडांत नांवाजलेलें होतें. चौदाव्या शतकांत हेन्री कर्कस्टेड नांवाच्या भिक्षूनें तेथील पोथ्यांवर एक अक्षर व एक आंकडा अशी खूण घातली. १५३९ मध्यें आठव्या हेन्रीच्या आज्ञेनें मठ मोडला, पोथ्या विखुरल्या. साडेतीनशें वर्षांनीं मॉंटेग्यू ऱ्होड्स जेम्स या पंडितानें, ज्याचें बालपण याच परगण्यांत गेलें होतें, केंब्रिज व इतर ठिकाणच्या पोथ्या तपासतांना त्या अक्षर-आंकड्यांवरून त्या ओळखून काढल्या आणि १८९५ मध्यें त्या पुस्तकालयाची मांडणी पुन्हा कागदावर उभी केली. पुढें फ्रान्समधील दुए येथील एका हस्तलिखितांत त्यास मठाधिपतींच्या थडग्यांच्या जागा लिहिलेल्या सांपडल्या. १९०२ च्या सुमारास त्याप्रमाणें खणतां थडगीं लागलीं. खूण घालणारानें ती पुढल्या पंडितांकरितां घातली नव्हती. पोथी परत जाग्यावर ठेवतां यावी एवढाच त्याचा हेतु. आपल्याकडे एका संग्रहांत मीं स्वतः पाहिलें आहे कीं पोथ्या नवीन पुठ्ठ्यांत बांधतांना वरचीं कोरीं दिसणारीं पानें, ज्यांवर मालकाचें नांव, गांव व अनुक्रम लिहिलेला होता, तीं मळकीं म्हणून काढून टाकलीं. पोथीचा मजकूर राहिला. ती कोठल्या घरची हें कायमचें गेलें. संग्राहकांनीं बांधणीवाल्याजवळ स्वतः बसावें, नपेक्षां पोथी न बांधलेलीच बरी.

जातां जातां एक नोंद. केंब्रिज येथील संस्कृताचा पहिला प्राध्यापक एडवर्ड काउएल हा इप्सविचचा, म्हणजे सफोकच्याच मुख्य नगराचा, जन्म १८२६. कलकत्त्याच्या संस्कृत कॉलेजाचा तो प्रमुख होता, आणि माधवाचार्यांच्या सर्वदर्शनसंग्रहाचें त्यानें गफसह केलेलें भाषांतर १८८२ मध्यें निघालें. बुद्धचरिताची आवृत्तिही त्याचीच. वुडब्रिजजवळ राहणारा त्याचा मित्र एडवर्ड फिट्झजेरल्ड यास त्यानेंच फारसी शिकण्याची गोडी लाविली. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत उमर खय्यामच्या १५८ रुबायांची पंधराव्या शतकांतील एक पोथी काउएलास आढळली. तिची नक्कल त्यानें १८५६ मध्यें फिट्झजेरल्डास दिली. कलकत्त्यास गेल्यावर तेथील एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांतील दुसऱ्या पोथीची नक्कल करवून त्यानें ती सफोकास धाडली. या दोन नकलांवरून तयार झालेलें इंग्रजी पुस्तक १८५९ मध्यें भाषांतरकाराच्या नांवाशिवाय छापलें गेलें.